संघमालकाचं वंशवादी बोलणं आणि लीगची शिक्षा

लीगमधल्या एखाद्या टीमचा मालक कुणाच्या रंगावरून, वंशावरून, जातीवरून किंवा तो कुठून आलाय यावरून वाईट बोलला तर लीग त्याला दंड करू शकते का, मैदानात यायची बंदी घालू शकते का, आणि थेट टीमच विकायला लावू शकते का, हा या नोंदीचा विषय. उत्तर आहे हो, करू शकते. पण हा अधिकार सरकारने दिलेला नसतो, टीम घेताना मालकाने ज्या कागदांवर सही केलेली असते त्यातून तो येतो, आणि म्हणून त्या कागदात जेवढं बसतं तेवढीच शिक्षा टिकते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे आता वाडीवाडीत ऑक्शनवाल्या लीग सुरू झाल्यात आणि प्रत्येक टीमला संघमालक असतो, तेव्हा हा प्रश्न अमेरिकेतल्या करोडपतींपुरता राहिलेला नाही.

स्टर्लिंग प्रकरण

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती डोनाल्ड स्टर्लिंगची. हा लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल टीमचा मालक, १९८१ मध्ये त्याने ही टीम घेतली तेव्हा ती सॅन डिएगोला होती आणि किंमत होती साधारण सव्वा कोटी डॉलर. २५ एप्रिल २०१४ ला त्याचं एक खाजगी बोलण्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं, त्यात तो मैत्रिणीला सांगतोय की काळ्या लोकांना माझ्या मॅचला आणू नकोस, त्यांच्यासोबतचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नकोस, आणि हे सगळं मॅजिक जॉन्सनसारख्या, बास्केटबॉलमधल्या मोठ्या काळ्या खेळाडूबरोबरच्या फोटोवरून. ज्या टीममधले बहुतेक खेळाडू काळे, कोच डॉक रिव्हर्स काळे, त्या टीमचा मालक हे बोलतोय. दोनच दिवसांनी प्लेऑफची मॅच होती, खेळाडूंनी वॉर्मअपची जॅकेटं मैदानाच्या मधोमध काढून टाकली आणि टीमचं नाव दिसू नये म्हणून आतले शर्ट उलटे घातले. स्पॉन्सर एकेक करून मागे सरायला लागले. २९ एप्रिलला लीगचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, ॲडम सिल्व्हर, ज्यांना त्या खुर्चीत बसून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते, त्यांनी स्टर्लिंगवर आजन्म बंदी आणि २५ लाख डॉलर दंड जाहीर केला.

२५ लाखच का, तर एनबीएच्या, म्हणजे याच बास्केटबॉल लीगच्या, घटनेप्रमाणे कमिशनर तेव्हा तेवढाच जास्तीत जास्त दंड करू शकत होता. अब्जाधीश माणसाला हा आकडा काहीच नाही हे सगळ्यांना दिसत होतं, पण घटनेत त्याच्या वर जायची सोय नव्हती. बंदी कमिशनरच्या हातात होती, टीम काढून घेणं मात्र नव्हतं, त्यासाठी बाकीच्या मालकांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात. आणि ज्या कारणांसाठी मालकी काढता येते त्या यादीत पैसे न भरणं, जुगार, करार जाणूनबुजून मोडणं अशा गोष्टी होत्या, 'वंशवादी बोलणं' असा शब्द तिथे नव्हता. मग लीगने असा मुद्दा मांडला की लीगचं नुकसान होईल असं वागणार नाही हे मालकाने करारात कबूल केलंय आणि ते त्याने मोडलंय. १९ मे ला रीतसर आरोपपत्र निघालं, उत्तर द्यायला मुदत दिली, ३ जूनला सुनावणी ठेवली.

ती सुनावणी झालीच नाही. टीम एका कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर होती, बायको शेली स्टर्लिंग दुसरी ट्रस्टी, डॉक्टरांनी डोनाल्डला ट्रस्टचं काम बघायला मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवलं आणि शेलीने टीम मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बामर यांना २ अब्ज डॉलरला विकायचं ठरवलं. जुलैमध्ये कोर्टाने त्याला मान्यता दिली आणि १२ ऑगस्ट २०१४ ला विक्री पूर्ण झाली. स्टर्लिंगने लीगवर १ अब्ज डॉलरचा दावा लावला होता तो २०१६ मध्ये फेटाळला गेला. त्यामुळे 'लीगने त्याची टीम काढून घेतली' असं जे सर्रास लिहिलं जातं ते अर्धवट आहे, बंदी आणि दंड लीगने केला, विक्री घरच्यांनी केली, आणि मालकांचं मतदान झालं असतं तर ते कोर्टात टिकलं असतं का हे कधी तपासलंच गेलं नाही.

मला यातलं वेगळंच काहीतरी जास्त टोचतं. याच स्टर्लिंगवर अमेरिकेच्या न्याय खात्याने केस केली होती की तो आपल्या बिल्डिंगमध्ये काळ्या आणि लॅटिनो लोकांना घरं भाड्याने देत नाही, आणि २००९ मध्ये त्याने गुन्हा कबूल न करता २७ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून ती मिटवली. तेव्हा लीगने त्याला काहीही केलं नाही. लोकांना घर नाकारलं तेव्हा गप्प, आणि रेकॉर्डिंग सगळ्या जगाने ऐकल्यावर चार दिवसांत आजन्म बंदी. शिक्षा योग्यच होती, पण ती पाच वर्षं उशिरा आली असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. बेसबॉलमध्ये सिनसिनाटी रेड्सच्या मालकीण मार्ज शॉट यांना काळ्या आणि ज्यू लोकांबद्दल बोलल्यावरून १९९३ मध्ये एक वर्ष निलंबन आणि २५ हजार डॉलर दंड झाला, १९९६ मध्ये हिटलरबद्दल बरं बोलल्यावर पुन्हा कारभार सोडावा लागला, आणि १९९९ मध्ये त्यांनी बहुतेक हिस्सा विकला. फिनिक्स सन्स या बास्केटबॉल टीमचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्या वंशवादी बोलण्याबाबत एनबीएने आधी बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली, ३२० जणांशी बोलणं झालं, मग सप्टेंबर २०२२ मध्ये एक वर्ष निलंबन आणि १ कोटी डॉलर दंड. लीगने त्यांना टीम विकायला सांगितलं नव्हतं, पण खेळाडू उघड बोलले, स्पॉन्सरने पुढे करार करणार नाही असं कळवलं, आणि आठवडाभरात त्यांनी स्वतःच टीम विकायला काढली. म्हणजे कागदावरची शिक्षा एक आणि खेळाडू-स्पॉन्सरच्या नाराजीने होणारी दुसरी, आणि टीम हातातून जाते ती बहुतेक वेळा दुसरीमुळे.

बोलण्याचं स्वातंत्र्य आडवं येतं का

हा प्रश्न दर वेळी निघतो, की माणूस स्वतःच्या घरात काय बोलला यावर लीगचा काय संबंध. अमेरिकेत बोलण्याच्या स्वातंत्र्याची घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी संस्थेला नाही, आणि लीग म्हणजे मालकांनी मिळून केलेली खाजगी संस्था. रेकॉर्डिंग चोरून केलेलं होतं का हाही वाद झाला, पण तो कोर्टातल्या पुराव्याचा प्रश्न, लीगने आपल्या सभासदाबद्दल मत बनवायला तो आड येत नाही, शिवाय तो आवाज आपलाच हे स्टर्लिंगने लीगच्या चौकशीत मान्य केलं होतं.

आपल्याकडे घटनेतलं बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कलम १९ सुद्धा मुळात सरकारविरुद्धचा हक्क आहे. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या बेंचने ४ विरुद्ध १ असं म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क सरकार सोडून इतरांविरुद्धही मागता येतात, त्यामुळे इथे हा मुद्दा अमेरिकेइतका सरळ नाही. तरीही स्वतःहून सही करून मान्य केलेली आचारसंहिता मोडल्यावर स्वातंत्र्याची ढाल पुढे करणं अवघडच. माणसाला बोलायला कुणी बंदी केलेली नाही, आमच्या लीगमध्ये राहून असं बोलायचं नाही एवढंच त्यात आहे.

भारतात काय आधार आहे

सगळ्यात उपयोगी निकाल खेळातला नाहीच. टी. पी. डेव्हर नावाच्या माणसाला फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघटनेच्या एका लॉजने, म्हणजे शाखेने, काढून टाकलं, ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९६२ मध्ये निकाल लागला, की संस्था आणि सभासद यांच्यातलं नातं नियमांवर चालतं, काढायचा अधिकार त्या नियमांतच असला पाहिजे, तो काटेकोर पाळला पाहिजे, प्रामाणिकपणे वापरला पाहिजे, आणि ज्याला काढायचं त्याला आरोप सांगून बोलायची संधी दिली पाहिजे. कोणत्याही मंडळाने कोणत्याही संघमालकावर कारवाई करायच्या आधी हे वाचून घ्यावं इतकं ते कामाचं आहे.

दंडाच्या बाबतीत करार कायदा १८७२ चं कलम ७४ लक्षात ठेवायचं. करारात दंडाचा आकडा लिहिला तरी कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं, डोळे झाकून पूर्ण रक्कम देत नाही, त्यामुळे 'पाच लाख दंड' लिहून धाक घालता येतो पण वसूल होईलच असं नाही. आधीच भरून घेतलेल्या अनामत रकमेवरही कोर्टात वाद होऊ शकतो.

आयपीएलमध्ये मालकाच्या बाजूच्या माणसांना शिक्षा झालेली आहे, कारण मात्र वंशवाद नव्हतं, बेटिंग होतं. १४ जुलै २०१५ ला सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्जचे गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थान रॉयल्सचे राज कुंद्रा यांना आजन्म बंद केलं आणि दोन्ही टीम दोन-दोन वर्षं निलंबित केल्या. खेळाला बट्टा लावला हे तत्त्व त्यात होतं, आणि तेच तत्त्व वंशवादी बोलण्यालाही लावता येईल असं मला वाटतं. पण घाई महागात पडते. कोची टस्कर्स केरळा या आयपीएल टीमचा करार बीसीसीआयने २०११ मध्ये बँक गॅरंटीवरून रद्द केला, लवादाने ते रद्द करणं चुकीचं ठरवून भरपाई द्यायला सांगितली, आणि जून २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने ५३८ कोटींच्या आसपासची ती रक्कम कायम ठेवली. आयसीसीचा वंशवादविरोधी कोड आहे, त्याखाली २०१९ मध्ये सरफराज अहमदला दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेहलुक्वायोला उद्देशून बोलल्यावरून चार मॅचची बंदी झाली, पण तो कोड इंटरनॅशनल मॅचमधले खेळाडू आणि सपोर्ट स्टाफ यांच्यासाठी, फ्रँचायझीच्या मालकाला तो पोचत नाही.

आणि भारतात वंशवादाबरोबर जातीचं बोलणं सोडून चालत नाही. घटनेच्या कलम १५ मध्ये वंश आणि जात शेजारी शेजारी लिहिलेत. पळवणकर बाळू हे दलित समाजातले, आपले पहिले मोठे स्पिनर, आडनाव कोकणातल्या पळवण गावावरून, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळ्या मॅच धरून शंभरावर विकेट काढल्या, आणि पुण्यात त्यांच्याच टीममधले लोक त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात द्यायचे. तेव्हा मुंबईत धर्मावरून टीम असायच्या, त्यातल्या हिंदू टीमचं कॅप्टनपद त्यांना जातीमुळे कधी मिळालं नाही, ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

वाडीच्या लीगमध्ये

भात कापून मळे मोकळे झाले की कोकणात टेनिस बॉलच्या लीग लागतात, काही ठिकाणी मळ्यात तर काही ठिकाणी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, त्या मिरगापर्यंत चालतात. मुंबईतला चाकरमानी किंवा गावातला होडीवाला, आंबा व्यापारी पैसे घालून टीम घेतो, पॉइंटवर ऑक्शन होतं, यूट्यूबवर लाइव्ह जातं. वरच्या पातळीवर महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे, २०२३ चं पहिलंच टायटल रत्नागिरी जेट्सने घेतलं तेव्हा इकडे काय आनंद झाला होता. पण वाडीच्या लीगची नियमावली एका पानाची असते, त्यात एन्ट्री फी, बॉल कुठला, चौकार कुठे, आणि 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'. मालकाबद्दल एक ओळ नसते.

याचा त्रास मी बघितलाय. आमच्याकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी लोक असतात, होड्यांवर खलाशी म्हणूनही असतात, आणि त्यांची पोरं आता इथल्याच शाळेत शिकतात, मालवणी बोलतात, आणि सणसणीत बॉलिंग टाकतात. एका ऑक्शनला अशा एका पोराचं नाव पुकारलं तेव्हा एक संघमालक माइकवरच त्याच्या डोळ्यांवरून आणि जातकुळीवरून जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. पोरगा खाली बघत उभा राहिला. काही जण हसले. आम्ही कमिटीला जाऊन सांगितलं, तर उत्तर आलं की नियम खेळाडूंसाठी आहेत, मालकाने पैसे घातलेत, त्याला काय करणार. तो पोरगा त्या वर्षी कुणाकडूनच खेळला नाही. जंजिऱ्याला आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत होतं, त्या किनाऱ्यावरचे आपण, आपल्याला परक्या चेहऱ्याचं एवढं अप्रूप आणि एवढा तिरस्कार कशाला?

कायदा अशा वेळी कितपत मदत करतो हे जातीवर आणि जागेवर अवलंबून आहे. अपमान अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा असेल आणि लोकांसमोर असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागतो, आणि लाइव्ह चाललेलं ऑक्शन म्हणजे लोकांसमोरच झालं. नेपाळी माणसाला, किंवा अनुसूचित जमातीत नसलेल्या ईशान्येकडच्या माणसाला, तो सहसा मिळत नाही. दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या, दिसण्यावरून झालेल्या टिंगलीतून मारहाण होऊन झालेल्या मृत्यूनंतर २०१४ मध्ये बेझबरुआ समितीने वंशावरून अपमान करणं हा वेगळा गुन्हा करा असं सुचवलं होतं, पण तसं वेगळं कलम भारतीय न्याय संहितेत आलं नाही. तिथलं कलम १९६ गटागटांत तेढ पसरवण्याबद्दल आहे, एकट्या माणसाला मारलेल्या टोमण्यात ते बसवणं कठीण. त्यामुळे इथे लीगचा स्वतःचा नियम हाच बऱ्याचदा एकमेव आधार उरतो.

तो नियम लिहायला वकीलही लागत नाही. टीम घेताना मालकाकडून सही घ्यायची की मी, माझा मॅनेजर आणि माइकवर माझ्या वतीने बोलणारा कुणीही, कुणाच्या वंश, रंग, जात, धर्म, गाव किंवा देशावरून अपमान करणार नाही, मैदानात, ऑक्शनला आणि लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मोडलं तर ताकीद, मग सीझनभर बंदी, मग टीम पुढच्या वर्षी मिळणार नाही, हे आधीच लिहायचं. तक्रार आली की लेखी कळवायचं, दोन दिवस द्यायचे, ऐकून घ्यायचं, आणि ऐकणाऱ्यांत दुसरे संघमालक नकोत, शाळेचे गुरुजी, सरपंच, एखादा जुना पंच असे तिघं पुरे. खेळाडूंना मात्र शिक्षेत ओढायचं नाही, मालक बंद झाला तर टीम मंडळाने चालवायची आणि पोरं खेळली पाहिजेत, कारण त्यांनी काही केलेलं नसतं.