अपग्रेडनंतरचा काळा पडदा : लिनक्स डेस्कटॉप का अडतो, त्याची पार्श्वभूमी

लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी खुली संगणक-प्रणाली, आणि उबुंटू हे तिचं एक रूप. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघते. पण आधीच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर असलेल्यांना ती लगेच देऊ केली जात नाही. पहिली दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत थांबवलं जातं, आणि ती येते ऑगस्टच्या सुमारास. २०२०, २०२२ आणि २०२४, तिन्ही वेळा असंच झालं. गोव्यात हे दिवस चतुर्थीच्या तयारीचे. बाहेरगावी नोकरीला असलेली मुलं घरी येतात, वडिलांच्या संगणकावर सूचना झळकलेली दिसते, ‘एवढं करून टाकूया’ म्हणून बटण दाबलं जातं. बाहेर पाऊस चालूच असतो. मग रात्री कुणाला तरी फोन जातो : लॉगिनपर्यंत येतं आणि पडदा काळा होतो. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलं की सल्ला ठरलेला, फॉरमॅट मारून घ्या.

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. अपग्रेडनंतर बिघडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकीमागे कधीतरी घेतलेला एखादा तांत्रिक निर्णय आहे. तो ठाऊक असला की कुठे बघायचं ते कळतं आणि घरातले फोटो, हिशेब, नाटकांच्या संहिता पुसून टाकायची वेळ येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ च्या अटीत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक त्यानंतर लिनक्सकडे वळवता येण्यासारखे आहेत, म्हणून हा इतिहास आज कामाचा.

सुरुवात १९९१ ची. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये खुला केला. पण नुसत्या कर्नलवर पत्रसुद्धा टाईप होत नाही. खिडक्या दाखवणारी यंत्रणा दुसऱ्यांची, ध्वनीची तिसऱ्यांची, छपाईची चौथ्यांची. हे सगळं गोळा करून, एकमेकांना जुळेल अशा आवृत्त्या निवडून वापरणाऱ्याच्या हाती देणं हे वितरणांचं काम. इयान मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियन सुरू केलं ते याच कामासाठी, आणि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं उबुंटू डेबियनच्याच पायावर उभं राहिलं. चतुर्थीत गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायची फळं जशी वेगवेगळ्या रानांतून येतात, तशी ही बांधणी. एकाच मालकाने एकाच छताखाली बनवलेली ही वस्तू नाही. अपग्रेड म्हणजे हे सगळे भाग एकाच वेळी बदलणं, आणि अडचण येते ती बहुधा दोन भागांच्या सांध्यावर.

त्यातला पहिला सांधा पॅकेजचा, म्हणजे एकेका प्रोग्रामच्या गाठोड्याचा. ही पॅकेजं बसवणारं डेबियनचं डीपीकेजी हे साधन १९९४ पासूनचं. कोणत्या पॅकेजला आणखी काय काय लागतं ते शोधून आपोआप आणणारं एपीटी डेबियनच्या १९९९ च्या आवृत्तीत अधिकृतपणे आलं. आज आपण बटण दाबतो तेव्हा आत हीच दोन साधनं राबत असतात. काम तीन टप्प्यांत होतं : फाइल उतरवणं, उलगडून जागेवर ठेवणं, आणि शेवटी प्रत्येक पॅकेजची जुळणी लावणं. उतरवताना वीज गेली तर काहीच बिघडत नाही, पुन्हा सुरू करायचं. पण पॅकेज उलगडून झालं आणि जुळणी व्हायच्या आत वीज गेली, तर यंत्र ना जुनं राहतं ना नवं.

पेडणे, सत्तरी, काणकोण इकडे पावसात तारेवर फांदी पडली की वीज कधी येईल ते सांगता येत नाही, आणि डेस्कटॉप संगणकाला स्वतःची बॅटरी नसते. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे अपग्रेडच्या तक्रारी ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारावा : मध्ये वीज गेली होती का? गेली असेल तर घाबरायचं कारण नाही. कोणतं पॅकेज कोणत्या टप्प्यावर अडकलं याची नोंद डीपीकेजी स्वतःच ठेवतं. यंत्र सुरू होतानाच्या मेनूतून (तो कसा आणायचा ते पुढे येतं) दुरुस्तीच्या रिकव्हरी मोडमध्ये जायचं आणि रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने डीपीकेजीला उरलेली जुळणी पूर्ण करायला सांगायचं. फोनवर सांगताना ही आज्ञा अशी सांगतात : डीपीकेजी, जागा, दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून कॉन्फिगर, पुन्हा जागा, एक रेघ आणि छोटा ए. त्यानंतर एपीटीला तुटलेलं सांधायला सांगणारी आज्ञा. पडद्यावर पॅकेजांची नावं एकाखाली एक सरकू लागतात, एखादं अडलंच तर तिथे त्याचं नाव लिहून येतं. ते नाव वाचणं म्हणजे अर्धं निदान.

दुसरा त्रास बाहेरून जोडलेल्या स्रोतांचा. २००७ मध्ये उबुंटूने पीपीए ही सोय आणली आणि कुणालाही आपलं पॅकेज सहज वाटता येऊ लागलं. सोय फार चांगली, पण अशी पॅकेजं वितरणाच्या कसोटीतून गेलेली नसतात. मोठं अपग्रेड करताना उबुंटू हे स्रोत बंद करून ठेवतं. त्यातून पूर्वी आलेली पॅकेजं मात्र तशीच राहतात आणि नव्यांशी भांडतात. कधीकाळी छपाईसाठी किंवा व्हिडिओसाठी काय काय जोडलं होतं ते आठवून अपग्रेडच्या आधीच काढलेलं बरं. अर्थात दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असं नाही. २०२४ मध्ये उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर (या आकड्यांत आधी वर्ष, मग महिना) जाण्याची वाट खुली केल्यावर अपग्रेड करणाऱ्या साधनातच गंभीर दोष सापडला, आणि उबुंटूला ती वाट काही काळ बंद करावी लागली. सूचना आली त्याच दिवशी धावायची गरज नसते, ती यासाठी.

इथे ‘फॉरमॅट मारा’ या सल्ल्याचं मूळही सापडतं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोव्यातल्या शाळांना परदेशात वापरून झालेले संगणक मिळत होते आणि त्यांवर लिनक्स टाकलं जात होतं. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरचं. शेकडो मेगाबाइट उतरवून अपग्रेड करणं परवडणारंच नव्हतं. लिनक्स यायचं ते सीडीवरून, संगणक मासिकांसोबत किंवा टपालाने. उबुंटूची मोफत सीडी २००५ पासून २०११ पर्यंत जगभर घरपोच मिळायची. नवी सीडी हातात आली की जुनं पुसून नवं टाकायचं, हाच तेव्हाचा रिवाज, आणि त्या परिस्थितीत तो बरोबरच होता. ब्रॉडबँड आलं, अपग्रेड जागच्या जागी होऊ लागलं, पण शिकवण सीडीच्या काळातलीच राहिली.

आता काळ्या पडद्याकडे. लिनक्सच्या कर्नलमध्ये चालकांसाठी, म्हणजे ड्रायव्हरसाठी, आतली जोडणी कायम एकसारखी ठेवण्याचं बंधन कर्नल बनवणारे मुद्दामच पाळत नाहीत. चुकलेली रचना बदलता यावी, हा त्यामागचा विचार. ज्या ड्रायव्हरचा स्रोत कर्नलमध्येच असतो तो बदलाबरोबर आपोआप सुधारला जातो. इंटेल आणि एएमडीच्या चित्रकार्डांना, म्हणजे ग्राफिक्स कार्डांना, म्हणूनच सहसा त्रास होत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र वर्षानुवर्षं बंदिस्त, कर्नलच्या बाहेरचा. दर नव्या कर्नलसाठी त्याचा एक भाग त्या यंत्रावर नव्याने बांधावा लागतो. हे काम डेल कंपनीत जन्मलेलं डीकेएमएस हे साधन २००३ पासून करतं. ते बांधकाम फसलं की कर्नल नवा, ड्रायव्हर गायब, पडदा काळा. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, पण तो ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या कार्डांसाठी. कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या संगणकांत बसलेल्या कार्डांना त्याचा उपयोग नाही. जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेला चालणारी ३९० क्रमांकाची ड्रायव्हर-शाखा २०२२ च्या अखेरीस थांबली. अशा कार्डावर नव्या कर्नलसाठी बंदिस्त ड्रायव्हरच्या मागे लागण्यापेक्षा तो काढून खुला नूव्हो ड्रायव्हर वापरावा. खेळ मंद चालतील, पण लिहिणं, वाचणं, हिशेब यांना तो पुरतो.

निदानाची पहिली पायरी इथेही सोपी आहे, आणि ती कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. अपग्रेड करताना जुना कर्नल लगेच पुसला जात नाही. यंत्र सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबलं की ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो. त्यात प्रगत पर्यायांची दुसरी ओळ असते, आणि तिच्या आत कर्नलच्या आवृत्त्या क्रमाने मांडलेल्या असतात. जुना निवडून यंत्र नीट सुरू झालं, तर बिघाड कर्नल आणि ड्रायव्हर यांच्या सांध्यावरच आहे, बाकी सगळं शाबूत आहे, हे तिथल्या तिथे सिद्ध होतं.

जुन्या कर्नलनेही भागलं नाही तर संशय वेलँडवर जातो. खिडक्या काढणारी एक्स ही यंत्रणा १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली. तिच्या जागी वेलँड आणायचा प्रयत्न २००८ पासूनचा. फेडोरा या दुसऱ्या वितरणाने २०१६ मध्ये ते मूळ पर्याय केलं. उबुंटूने १७.१० मध्ये केलं, १८.०४ मध्ये मागे घेतलं, २१.०४ मध्ये पुन्हा केलं आणि २५.१० मध्ये आपल्या मुख्य डेस्कटॉपवरचा एक्सचा पर्यायच काढून टाकला. या येण्याजाण्यामुळे, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर उडी मारली त्यावर पडद्याच्या तक्रारी बदलतात. ज्या आवृत्तीत दोन्ही आहेत तिथे लॉगिनच्या पानावर कोपऱ्यातल्या दातेरी चक्रातून एक्सचं सत्र निवडून बघावं.

विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर असतील तर आणखी एक प्रकरण. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय, घराघरांत पोहोचलं, आणि लिनक्स वितरणांना सुरू होण्यासाठी मायक्रोसॉफ्टने सही केलेला शिम नावाचा छोटा दुवा वापरावा लागला. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका अपडेटने जुने, असुरक्षित दुवे रद्द केले आणि अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. लोकांनी दोष दिला तो लिनक्सच्या अपग्रेडला.

आवाजाचं थोडक्यात. उबुंटूने २००८ मध्ये पल्सऑडिओ आणलं तेव्हा बराच गोंधळ झाला होता. २२.१० मध्ये त्याची जागा पाइपवायरने घेतली आणि हे स्थलांतर त्यामानाने सुखाचं झालं. आवाज गेला तर आधी सेटिंगमध्ये आवाजाची वाट म्हणून एचडीएमआय, म्हणजे पडद्याची तार, निवडली गेलीय का ते पाहावं, कारण अपग्रेडनंतर नेमकं तेच झालेलं आढळतं.

आपल्याकडे सर्वांत जास्त जीव जातो तो देवनागरीवर. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर होईल अशी तरतूद झाली. पण कायद्याच्याही पलीकडे, जत्रेतल्या नाटकांपासून कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेपर्यंत गावोगावी संहिता लिहिल्या जातात, टाईप केल्या जातात, दुरुस्त केल्या जातात. तालीम रंगात आलेली असताना अपग्रेडनंतर मराठी टाईप होईनासं झालं, तर त्या लेखकाला काळा पडदा परवडला असं वाटेल.

प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली ती १९९१ मध्येच, कर्नल आला त्याच वर्षी. टाईप करण्याची सोय मात्र हळूहळू घडली. उबुंटूत आधी स्किम होतं, ९.१० पासून आयबस आलं. एक्सच्या काळात आयबसला जोडण्यासाठी लोकांनी आपापल्या फाइलींत दोन-तीन ओळी हाताने लिहून ठेवल्या होत्या. वेलँडवर जोडणी वेगळी आहे, आणि त्या जुन्या ओळीच तिथे आड येतात. केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना तर सेटिंगमध्ये आभासी कीबोर्डच्या सदरात आयबसचा वेलँड पर्याय स्वतः निवडावा लागतो, आणि मराठी टायपिंगचं उत्तर तिथे असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. ग्नोम या उबुंटूच्या मुख्य डेस्कटॉपमध्ये कीबोर्डच्या सदरात मराठी इनपुट स्रोत काढून पुन्हा जोडला की बहुधा भागतं.

टंकाचा, म्हणजे फॉन्टचा, प्रश्न आणखी नाजूक. मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे. युनिकोडमध्ये दोघांचा संकेतांक एकच, वळण ठरतं टंकात. काही टंकांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण बाहेर येतं. अपग्रेडमध्ये वितरणाचा मूळ टंक बदलला, किंवा लिब्रेऑफिस या लेखनाच्या प्रोग्रामची भाषेची निवड हिंदीवर गेली, की संपूर्ण संहितेतले ल आणि श एका रात्रीत परके दिसू लागतात. मजकुराला काहीच झालेलं नसतं. लिब्रेऑफिसच्या भाषेच्या पर्यायांत जटिल लिपीसाठी मराठी निवडायची आणि आधीच्या दस्तऐवजातला मजकूर पूर्ण निवडून त्यालाही तीच भाषा लावायची. स्वतः आणून बसवलेले टंक घरच्या फोल्डरमध्ये असतील तर ते अपग्रेडमध्ये हलत नाहीत. पण युनिकोडपूर्व काळातल्या टंकांतल्या संहिता असतील तर त्या टंकांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा. ते टंक हरवले तर पुढे कुठलंही वितरण आणलं तरी त्या फाइलींत इंग्रजी अक्षरांची रांगच दिसणार.