बडतर्फ पोलिसाला पुन्हा नोकरी: भरतीचा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की यवतमाळ-वणीकडच्या गावांत हा प्रश्न येतोच: खात्यातून काढलेल्या शिपायाला पुन्हा फॉर्म भरता येतो का?

आधी आदेश नीट वाचा. निलंबन असेल तर नोकरी गेलेली नाही, आढावा घेऊन परत ड्युटीवर घेता येतं. मुंबईचे पोलीस अधिकारी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले आणि २०२० मध्ये परत घेतले गेले. बडतर्फी झाली ती २०२१ मध्ये. ‘सेवेतून काढून टाकणे’ असेल तर दुसऱ्या सरकारी खात्यात प्रयत्न करता येतो. बडतर्फी मात्र सरकारी नोकरीच्याच आड येते.

भरतीतून गुपचूप परत शिरण्याचा नाद सोडा. शिपाई पदाची वयोमर्यादा खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३. चौकशी संपेपर्यंत अनेकांचं वय निघून जातं. वय असलं तरी साक्षांकन नमुन्यात, म्हणजे निवडीनंतर पडताळणीसाठी भरायच्या फॉर्ममध्ये, मागचं विचारतात. तिथं लपवलं तर झालेली निवडही रद्द होऊ शकते. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणणाऱ्या दलालाला तर एक रुपयाही देऊ नका.

खरा रस्ता अपिलाचा. पोलीस अधीक्षकांनी काढलेल्या शिपायाचं अपील परिक्षेत्र प्रमुखांकडे, म्हणजे काही जिल्ह्यांवरच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे जातं. यवतमाळ, वाशीम, अकोला, बुलडाण्यासाठी अमरावतीला. आदेश हाती पडला ती तारीख लिहून ठेवा, मुदत तिथून मोजतात. अपील फेटाळलं तर एक वर्षाच्या आत सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं. सहा महिने अपिलावर निर्णयच आला नाही तर ते सहा महिने संपल्यावर पुढचं एक वर्ष मिळतं. त्यानंतर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

आदेशाची प्रत, दोषारोपपत्र, चौकशी अहवाल, साक्षीदारांचे जबाब, कारणे दाखवा नोटीस व तुमचं उत्तर हे सगळं जोडा. काही कागद नसतील तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मागा. चौकशी न करताच काढलं असेल तर आदेशात संविधानाच्या कलम ३११(२) मधला (चौकशीशिवाय काढू नये, असं सांगणारं कलम) कोणता अपवाद लावलाय आणि त्याची कारणं लिहिलीत का, ते वकिलाला दाखवा. पुष्कळदा प्रकरण तिथंच फिरतं.

कोर्टातून सुटलो म्हणजे वर्दी परत, असं नाही. विभागीय चौकशीत पुराव्याची कसोटी सैल असते, आणि संशयाचा फायदा मिळून सुटणं वेगळं, आरोप खोटा ठरून सुटणं वेगळं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये समुथिरम प्रकरणात सांगितलंय. तरी निकालाची प्रमाणित प्रत जोडाच.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाचा दाखला न देताही मोफत वकील मिळतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गैरवर्तनाच्या कारणावरून पोलिसातून बडतर्फ झालेल्याला खासगी सुरक्षा संस्थाही गार्ड म्हणून ठेवू शकत नाही, खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या २००५ च्या कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. म्हणून ‘राहू दे, जिनिंगवर नाहीतर सिमेंट कारखान्यावर गार्ड लागतो’ म्हणत अपिलाची मुदत घालवू नका.