मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळांतील वाचनक्षमता

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत पहिली ते पाचवीत शिकणारी मुले आपल्या इयत्तेच्या तोडीचा मजकूर किती सहजपणे आणि कितपत समजून वाचू शकतात, हा या नोंदीचा विषय. इथे वाचन म्हणजे अनोळखी मजकूर स्वतः वाचून त्यातले काय ते सांगता येणे. फळ्यावरचे वळणदार अक्षरात उतरवून घेणे किंवा पाठ झालेला धडा ओळीवर बोट फिरवत म्हणून दाखवणे याला वाचन म्हणत नाहीत. हा फरक मुद्दाम सांगावा लागतो, कारण सुबक वह्या असलेल्या मुलांना वाचता येत नसल्याचे वर्गात बरेच दिवस लक्षात येत नाही.

मुंबईत महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून चालतात. एकाच इमारतीत एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू आणि सकाळ-दुपारची दोन सत्रे, हे दृश्य नेहमीचे आहे. मुले बहुतांशी वस्त्यांतली आणि चाळींतली असतात. कुणाच्या घरी भोजपुरी बोलतात, कुणाच्या घरी दखनी, तर कुणाच्या घरी मराठवाड्याची किंवा कोकणाची बोली. पुस्तकातली प्रमाणभाषा यांतल्या अनेकांना जवळजवळ नवीच असते. त्यात झोपडी हटली किंवा बाप काम बदलून दुसऱ्या उपनगरात गेला की शाळाही बदलते आणि वाचनाची घडी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.

या प्रश्नावरचे सर्वांत गाजलेले काम मुंबईतच सुरू झाले. युनिसेफच्या साहाय्याने 1995 मध्ये माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभारली. आधी वस्त्यांमध्ये बालवाड्या निघाल्या. पुढे तिसरी-चौथीत पोचूनही अक्षरांपाशी अडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ हा कार्यक्रम आला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, साधारण दहावीपर्यंत शिकलेली तरुणी. ती मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्याच वेळात रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पहिली-दुसरीची कौशल्ये शिकवी. सुरुवातीला तिला महिना 500 ते 750 रुपये मानधन मिळे. वर्गखोली मिळाली नाही तर वर्ग व्हरांड्यातही भरे.

मुंबई आणि वडोदरा या दोन शहरांत 2001 ते 2003 या काळात या कार्यक्रमाची यादृच्छिक निवडीने, म्हणजे बालसखी कुठे द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून, चाचणी झाली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांचा त्यावरचा निबंध 2007 मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. भाषा आणि गणित मिळून सरासरी गुण पहिल्या वर्षी 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) वाढले होते. ही वाढ बहुतेक सगळी तळाच्या मुलांची होती. त्याहून बोलकी गोष्ट दुसरी. मागची मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, पण तिथे उरलेल्या मुलांच्या गुणांत फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणजे वर्गातली गर्दी कमी होणे पुरेसे नव्हते. मूल जिथे अडले होते तिथून शिकवणे, हे खरे औषध होते. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात हा लाभ बराच ओसरून 0.1 प्रमाण विचलनाच्या आसपास आला, ही बाजू कौतुकाच्या भरात गाळली जाते. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, हे मराठी वाचकाला आवर्जून सांगितले जातेच.

इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनस्तराप्रमाणे बसवण्याची ही पद्धत पुढे ‘योग्य स्तरावर अध्यापन’ या नावाने देशभर आणि झांबियासारख्या आफ्रिकी देशांतही गेली. तिच्याबरोबर एक साधी मोजपट्टीही गेली. मुलाला एकट्याला बसवून चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद वाचायला देतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही अडले तर अक्षरे. पाचांपैकी चार शब्द बरोबर आले की मूल शब्दस्तरावर. काम काही मिनिटांचे, आणि निकाल पालकालाही जागेवर कळतो. याच पट्टीवर 2005 पासून ‘प्रथम’चा ‘असर’ हा मुलांच्या शिक्षणाचा सर्वेक्षण अहवाल निघतो. तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, याचे देशाचे उत्तर 2018 मध्ये 27.3 टक्के होते, 2022 मध्ये 20.5 आणि 2024 मध्ये 27.1. पण हे आकडे ग्रामीण भारताचे आहेत. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे त्यात येत नाहीत. ज्या संस्थेने ही पट्टी घडवली ती मुंबईची, आणि तिच्या अहवालात मुंबईच नाही. त्यामुळे नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या मुलांच्या वाचनाबद्दल जे ठामपणे बोलता येते, ते मानखुर्द-गोवंडीबद्दल बोलताना जपून बोलावे लागते.

माध्यम मराठी असो वा हिंदी, देवनागरीची अडचण लहान मुलाला पहिल्यांदा बाराखडीत भेटते. व्यंजने गुणिले बारा असा तक्ता मांडला तर चारशेहून अधिक खाने होतात, आणि जोडाक्षरे त्याशिवाय. ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. ‘र’ तर सोंगाड्याच आहे: ‘पर्वत’मध्ये डोक्यावर, ‘प्रकाश’मध्ये पायाशी, ‘राष्ट्र’मध्ये तिसऱ्याच वेशात आणि ‘वाऱ्यावर’मध्ये चौथ्या. मराठीत ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. घरी हिंदी बोलणारे मूल इथे हमखास अडखळते. सोनाली नाग यांनी कन्नड लिपीबाबत केलेल्या अभ्यासात मुलांचे अक्षरज्ञान चौथीपर्यंत वाढतच असल्याचे आढळले. मराठीची रचना त्याच जातीची आहे. म्हणून पहिलीच्या अखेरीस सगळी अक्षरे ‘संपवण्याची’ घाई वर्गात फारशी उपयोगी पडत नाही. ‘प्रथम’च्या वर्गांत बाराखडीचा तक्ता आणि गोष्टीचे वाचन पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालते, त्याचे कारण हेच: सगळी अक्षरे येईपर्यंत गोष्टीसाठी थांबायचे नाही.

कोरोनाने या सगळ्यात मोठे खिंडार पाडले. मार्च 2020 मध्ये बंद झालेले मुंबईतले पहिली ते सातवीचे वर्ग 15 डिसेंबर 2021 रोजी उघडले, जानेवारीच्या लाटेत पुन्हा मिटले आणि 24 जानेवारी 2022 रोजी परत सुरू झाले. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रत्यक्ष बसले तेव्हा ते दुसरीत होते. एका खोलीत एकच मोबाइल, आणि तोही कामावर गेलेल्या वडिलांकडे असेल, तर ऑनलाइन शाळा नावापुरतीच उरे.

केंद्र सरकारने 5 जुलै 2021 रोजी ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू केले. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यावे, त्यासाठी मुदत 2026-27. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीत किमान 60 शब्द, तेही समजून, अशी वाचनाची लक्ष्ये ठरली. शिक्षकाच्या हाती आकडा आला हे चांगलेच झाले. पण मराठीचा शब्द आणि हिंदीचा शब्द एका मापाचे नाहीत. हिंदीत ‘घर के सामने वाले’ हे चार शब्द मोजले जातात. मराठी माध्यमाच्या मुलाने तेवढेच वाचले की ‘घरासमोरच्या’ असा त्याचा एकच शब्द होतो, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर हिंदी वाचणाऱ्या मुलापेक्षा तो घड्याळात तीन शब्दांनी मागे पडतो.