बेहिस्तून शिलालेख

बेहिस्तून शिलालेख : प्राचीन इराणमधील अ‍ॅकिमेनिड (हखामनी) सम्राट पहिला दरायस (कार. इ. स. पू. ५२२–४८६) याने कोरविलेला त्रैभाषिक लेख व शिल्पपट. पश्चिम इराणात केरमानशाहच्या पूर्वेस सुमारे ३० किमी.वर, बॅबिलोनहून एकबॅटनाकडे (सध्याचे हमदान) जाणाऱ्या जुन्या मार्गालगतच्या चुनखडकाच्या कड्यावर, पायथ्यापासून साठ मीटरांहून अधिक उंचीवर तो आहे. ईलमाइट, बॅबिलोनी व जुनी पर्शियन या त्याच्या भाषा असून तिन्ही पाठ कीलाकार (खिळ्याच्या आकाराच्या खुणांच्या) लिप्यांत आहेत. मुख्य भाग इ. स. पू. ५२०–५१९ च्या सुमारास कोरला गेला असावा. जुन्या पर्शियनमधील पाचवा स्तंभ त्यानंतर थोड्याच काळात जोडलेला दिसतो.

दरायस सत्तेवर कसा आला, हा लेखाचा विषय. गौमात नावाच्या मगाने (इराणी पुरोहित वर्गातील व्यक्तीने) आपण अ‍ॅकिमेनिड साम्राज्याचा संस्थापक सायरस याचा पुत्र बर्दिय असल्याची बतावणी करून राज्य बळकावले, दरायसने त्याला ठार केले व पुढे एका वर्षात १९ लढाया देऊन नऊ राजांचा पाडाव केला, असे लेख सांगतो. प्रत्येक बंडखोरावर ठेवलेला आरोप एकच, तो ‘खोटे बोलला’. मारला गेलेला मनुष्य खराच बर्दिय होता, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याचा वृत्तांत मुख्य रूपरेषेत या लेखाशी जुळतो. मात्र तो दरबारी कथनावरूनच आलेला असण्याचा संभव असल्याने त्याला स्वतंत्र साक्ष म्हणता येत नाही.

शिल्पपटात दरायसचा पाय उताण्या पडलेल्या गौमातावर असून समोर गळ्यांत दोर बांधलेले नऊ बंदी उभे आहेत. दरायसची दाढी वेगळ्या दगडात घडवून लोखंडी खिळे व शिसे यांनी बसविलेली आहे. वरच्या पंखधारी आकृतीस बहुतेक जण अहुरमज्द (प्राचीन इराणी सर्वोच्च देव) मानतात, तर काहींच्या मते ती राजतेजाचे प्रतीक होय.

जुन्या पर्शियन लिपीचा उगम (ती दरायसच्या काळी योजली गेली की त्याआधीच होती) हा या लेखाशी निगडित असलेला सर्वांत महत्त्वाचा वाद आहे. या लिपीत ३६ ध्वनिचिन्हे, काही शब्दचिन्हे व शब्द तोडणारे एक चिन्ह आहे. अनेक व्यंजनचिन्हांत ‘अ’ अंगभूत असतो. मात्र इ-युक्त व उ-युक्त स्वतंत्र चिन्हे काही मोजक्याच व्यंजनांना आहेत (म, मि, मु आहेत, पि, पु नाहीत). हळूहळू घडत गेलेल्या लिपीपेक्षा थोड्या अवधीत योजून केलेल्या लिपीत अशी विषमता राहणे अधिक स्वाभाविक वाटते. कड्यावरील मांडणीही हेच सुचविते. शिल्पालगत आधी ईलमाइट मजकूर आला, मग बॅबिलोनी. जुन्या पर्शियनला शिल्पाखालची जागा मिळाली. टोकदार टोपीचा शक राजा स्कुंख याची आकृती मागाहून कोरताना ईलमाइट पाठाचा काही भाग नष्ट झाला, तेव्हा तो सबंध पाठ डावीकडे खाली पुन्हा कोरावा लागला. ७० व्या परिच्छेदाचा ईलमाइट पाठ तर दरायसने ‘आर्य’ भाषेत असा लेख केला, जो पूर्वी नव्हता, आणि तो मातीवर व कातड्यावरही लिहविला, असे सांगतो. ‘पूर्वी नव्हता’ हे लिपीविषयी की केवळ त्या भाषेतील पाठाविषयी, यावर मतभेद आहेत.

लिपी अधिक जुनी मानणारे सायरसची राजधानी पासारगाडी येथील ‘मी कूरुष (सायरस), राजा, हखामनी’ या लेखाचा आधार घेतात. परंतु सायरसने स्वतःच्या बॅबिलोनी लेखात आपली वंशावळ तेइस्पीस या पूर्वजापर्यंत देऊन त्याला अनशानचा (दक्षिण इराणातील प्रदेश) राजा म्हटले आहे. हखामनी या वंशाच्या मूळपुरुषाचा तेथे उल्लेखही नाही. त्यामुळे पासारगाडीचे लेख दरायसने मागाहून कोरविले, हे मत अधिक ग्राह्य ठरते. सायरसपूर्व राजांच्या नावे असलेले हमदानच्या सोन्याच्या पत्र्यांवरील लेख भाषेतील दोषांमुळे बहुतेक अभ्यासक उत्तरकालीन मानतात.

लेखातील २३ देशांच्या यादीत गंधार आहे, हिंदुश (सिंधू प्रदेश) नाही. तो दरायसच्या नंतरच्या लेखांत येतो. त्यावरून सिंधूची मोहीम बेहिस्तूननंतरची, असा निष्कर्ष काढला जातो. लेखाच्या प्रती साम्राज्यात पाठविल्या गेल्या होत्या. बॅबिलोनमध्ये तुकडे व ईजिप्तमधील एलिफंटाइन येथे पपायरसवरील अरामी प्रत सापडली आहे.

जर्मन अभ्यासक ग्रोटेफेंड याने पर्सेपलिस या अ‍ॅकिमेनिड राजधानीतील छोट्या लेखांवरून १८०२ मध्ये जुन्या पर्शियन लिपीच्या वाचनाचा आरंभ केला होता. बेहिस्तूनच्या दीर्घ मजकुरामुळे ते पूर्णत्वास गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील हेन्री रॉलिन्सन हा अधिकारी १८२७ मध्ये मुंबईस आला आणि पुढे इराणात नेमणूक झाल्यावर त्याने या लेखाच्या नकला केल्या. जुन्या पर्शियन पाठाचे त्याचे भाषांतर १८४६–४७ मध्ये प्रसिद्ध झाले. बॅबिलोनी पाठ पुढे झुकलेल्या खडकावर असल्याने तेथे तो स्वतः पोहोचू शकला नाही. एका कुर्द मुलाने भेगांत लाकडी खुंट्या ठोकत, दोराच्या आधाराने तेथे जाऊन ओल्या कागदावर ठसे घेतले. त्या मुलाचे नाव रॉलिन्सनने नोंदविले नाही, ही खेदाची बाब होय. ईलमाइट पाठ एडविन नॉरिस या इंग्रज अभ्यासकाने १८५५ मध्ये प्रसिद्ध केला.

याच डोंगरावर पार्थियन काळातील शिल्पे व इ. स. पू. १४८ मधील हेराक्लीझ या ग्रीक पुराणवीराची मूर्ती आहे. २००६ मध्ये या स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला.