रजिस्ट्रेशनचे क्रेडिट वेगळे, परीक्षेचे क्रेडिट वेगळे

मागच्या मे महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीहून एक पोट्टा आमच्या इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) सेंटरवर आला, शिफ्ट संपवून थेट, कंपनीचा टीशर्ट अंगात, हेल्मेट हातात, म्हणे मॅडम यावेळी सगळेच पेपर टाकून देतो, एकदाचं मोकळं होतो. सगळेच म्हणजे किती रे? तर मागच्या वर्षीचे ८ आणि या वर्षीचे ८, झाले १६. मी म्हटलं एवढे तुला झेपतील असं कोणी सांगितलं, तर त्याचं उत्तर तयार होतं, "रजिस्ट्रेशन झालंय ना मॅडम, नसते झेपले तर विद्यापीठाने दिले कशाला असते?"

हा प्रश्न मला दर जून आणि डिसेंबरच्या परीक्षांच्या आधी कोणीतरी विचारतंच, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते. क्रेडिट म्हणजे पेपरात किती अभ्यास आहे त्याचं माप. त्याची मर्यादा म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतात. एक म्हणजे या वर्षी तुमच्या नावावर किती क्रेडिट चढले ते, आणि दुसरी म्हणजे येत्या परीक्षेत त्यातले किती क्रेडिट तुम्ही खरंच देणार ते. पहिला आकडा विद्यापीठ ठरवतं. दुसरा बहुतेक वेळा तुम्हीच ठरवता, आणि गडबड होते ती इथेच.

इग्नूच्या सीबीसीएसवाल्या (पेपर निवडायची मुभा देणाऱ्या क्रेडिट पद्धतीच्या) बी.ए.चंच घ्या, कारण आमच्याकडे जास्त पोरं त्याचीच. पूर्ण पदवी १३२ क्रेडिटची, कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. वर्षाला ४४ क्रेडिट. पहिल्या वर्षी ६-६ क्रेडिटचे सहा पेपर आणि ४-४ चे दोन. हे पॅकेजच आहे, म्हणजे यंदा नोकरीवर ताण आहे तर २० च द्या हो, असं काउंटरवर सांगून भागत नाही, ४४ म्हणजे ४४. आणि पहिल्या वर्षाचा एकही पेपर दिला नसेल तरी फी भरून दुसऱ्या वर्षाला री-रजिस्ट्रेशन होतं, कोणी अडवत नाही. ही सोय चांगलीच आहे, बाळंतपण झालं, बदली झाली, घरात कोणी आजारी पडलं तर माणसाचं वर्ष वाया जात नाही. पण त्याच सोयीमुळे आमचा बुटीबोरीवाला एकही पेपर न देता ८८ क्रेडिट डोक्यावर घेऊन बसला होता आणि त्याला ते वजन जाणवलंच नव्हतं, कारण रजिस्ट्रेशनचं वजन खिशाला लागतं, डोक्याला नाही.

डोक्याला लागतं ते तासांचं. दूरशिक्षणात १ क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास, त्यात पुस्तक वाचणं, असाइनमेंट लिहिणं, रविवारच्या सेशनला येणं, व्हिडिओ पाहणं सगळं आलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठवाले याला श्रेयांक म्हणतात, हिशोब तोच. रेग्युलर कॉलेजात मात्र १ क्रेडिट म्हणजे वर्गातली १५ तासांची लेक्चर, घरचा अभ्यास वेगळा, तो कोणी मोजत नाही. म्हणून कॉलेजात जाणारी बहीण म्हणते माझे सेमिस्टरला २० क्रेडिट आणि आमचा पोट्टा म्हणतो माझे २२ (वर्षाच्या ४४ चे निम्मे), दोघांना वाटतं सारखंच आहे. पण तिचे ३०० तास टाइमटेबलमध्ये बसवलेले असतात, घंटी वाजली की सर येतात. याचे ६६० तास कुठेच लिहिलेले नसतात, ते त्याने स्वतः शोधायचे, शिफ्ट आणि झोप यांच्या मधून.

मी त्याच्यासमोर कागदावर मांडलं, तुम्हीही मांडा. ६ महिन्यांचे २६ आठवडे धरले तर ६६० तास म्हणजे आठवड्याला साधारण २५ तास. रोज साडेतीन. हे नुसतं चालू वर्षाचं, मागचं काही उरलेलं नसेल तर. तो म्हणे मॅडम मला रोज दीड तास मिळतो, तोही बसमध्ये धरून. दीड तासाने आठवड्याला होतात साडेदहा, २६ आठवड्यांत २७३ तास, भागिले ३०, आले ९ क्रेडिट. म्हणजे ६ चा एक पेपर आणि दुसरा अर्धा. मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हां, कोणी बी.कॉम.चा अकाउंटंट असेल आणि पेपर त्याच्या रोजच्या कामाचाच असेल तर त्याला ३० तास लागणार नाहीत, आणि इतिहासाचा पेपर मार्गदर्शकावर काढणारे महाभागही आहेत, ते मी काही नवीन सांगत नाही. पण हिशोब सुरू ३० वरूनच करा, कमी मागाहून करा.

आता ३ आणि ६ वर्षांकडे परत या. पोरं याला एकच नियम समजतात. खरं तर कमीत कमी ३ वर्षं ही रजिस्ट्रेशनची मर्यादा आहे, वर्षाला ४४ पेक्षा जास्त चढतच नाहीत, म्हणून लवकर संपणार नाही. आणि जास्तीत जास्त ६ ही परीक्षेची, चढलेले क्रेडिट फेडायला तेवढा वेळ आहे. १३२ ला ६ वर्षांच्या १२ परीक्षांनी भागा, दर परीक्षेला ११ क्रेडिट येतात. म्हणजे दोन पेपर, साडेबारा-पावणेतेरा तास आठवड्याला. नोकरीवाल्या माणसाला हे जमण्यासारखं आहे, आणि यात लाजायचं काही नाही. ६ वर्षांतही राहिलं तर उरलेल्या पेपरांची फी भरून री-अॅडमिशन घेता येते, पण त्या भरवशावर सुरुवात करू नका.

व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, पदवी अडीच वर्षांत, त्यानेही घोळ घातलाय. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) आणलंय ते, विद्यार्थी सेमिस्टरला जास्त क्रेडिट घेऊन ३ वर्षांची पदवी ५ सेमिस्टरमध्ये संपवू शकतो. पण ते मागितलं की मिळत नाही, पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरनंतर संस्थेची समिती तुमची कुवत तपासणार, आणि मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंतच पोरांना देणार. म्हणजे तो रजिस्ट्रेशनचा आकडा वाढवून घेण्याचा रस्ता आहे, बॅकलॉग एका दणक्यात उडवायचा नाही.

दोन डिग्र्या एकदम करणाऱ्यांचंही तेच. एप्रिल २०२२ पासून यूजीसीची परवानगी आहे, एक रेग्युलर एक दूरशिक्षणाची, किंवा दोन्ही दूरशिक्षणाच्या, चालतं. पण परवानगी मिळाली ती रजिस्ट्रेशनला. २२ आणि २२ मिळून ४४ क्रेडिट सहा महिन्यांत, आठवड्याला ५० तास होतात हो, कायद्याने फॅक्टरीतली आठवड्याची ड्युटीच ४८ तासांची आहे.

आणि एबीसी खातं, म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमचे क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं. तिथे लोक लॉगिन करतात आणि शून्य दिसलं की घाबरून फोन करतात, मॅडम फी भरली तरी क्रेडिट आले नाही. येणारच नाहीत. बँकेत कमावलेले क्रेडिट जमा होतात, पेपर पास झाल्यावर. असाइनमेंटचे ३० टक्के आणि परीक्षेचे ७० टक्के धरून निकाल लागेल तेव्हा.

तर त्या दिवशी मी त्या पोट्ट्यासमोर डेटशीट, म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक, उघडली. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे पेपर एकत्र टाकले की काय होतं ते दाखवलं, एकाच दिवशी सकाळी १० ते १ आणि लगेच दुपारी २ ते ५, आणि एके ठिकाणी तर दोन्ही एकाच वेळी, त्यात एक सोडावाच लागतो आणि पुढच्या परीक्षेत द्यावा लागतो. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) संपतो न संपतो तोच नागपुरात सहा तास वर्गात, वरचा पंखा गरम हवाच फिरवून राहिला असतो. परीक्षेचा फॉर्म भरताना विद्यापीठ तुमची शिफ्ट विचारत नाही, एका परीक्षेला किती क्रेडिटपर्यंत बसता येतं ते तुमच्या प्रोग्राम गाइडमध्ये बघा, पण तो आकडा तुमच्या रोजच्या दीड तासाला बघून काढलेला नसतो.

त्याने पेन मागितला. १६ पैकी आधी मराठी ठेवलं, मग इतिहास, मग ज्यांच्या असाइनमेंट आधीच लिहून पडल्या होत्या ते दोन. चारवर थांबला. पाचव्यावर पेन बराच वेळ फिरवला, मग म्हणे जूनमध्ये नाइट शिफ्ट लागून राहिली मॅडम, आणि तो खोडला.