सॉल्झबरी

दक्षिण इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातले कथीड्रलचे (बिशपच्या मुख्य चर्चचे) ऐतिहासिक शहर. लोकवस्ती सुमारे ४० हजार. एव्हन ही येथील मुख्य नदी. नॅडर, बोर्न आणि एबल या नद्या तिला शहरात किंवा जवळपास येऊन मिळतात, तर वायली नॅडरला मिळते. स्टोनहेंज हे प्रागैतिहासिक शिळावर्तुळ येथून उत्तरेस सुमारे १३ किमी.वर आहे. पुष्कळ प्रवासी तिकडे जाता-जाता हे शहर तासाभरात उरकतात, आणि ही त्याची उपेक्षाच होय. सॉल्झबरीची जागा, तिचा व्यापार, तिचे कथीड्रल आणि तिचे प्रसिद्ध निसर्गदृश्य यांना जोडणारा धागा म्हणजे पाणी. तो हाती धरला की शहर उलगडत जाते.

मूळ वस्ती उत्तरेला सुमारे ३ किमी.वरील ओल्ड सेरम या टेकडीवर होती. लोहयुगीन तटबंदीच्या आत नॉर्मन राजवटीत किल्ला उभा राहिला आणि त्याला खेटूनच पहिले कथीड्रल. १०९२ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले आणि पाचच दिवसांत वादळाने त्याची नासधूस केली. टेकडीवर पाण्याची टंचाई, भणाणणारा वारा, आणि किल्ल्यातील शिपायांशी धर्मगुरूंचे रोजचे खटके. पोप तिसरे होनोरियस यांनी १२१८ मध्ये स्थलांतराला परवानगी दिली, तेव्हा याच तक्रारी नोंदवल्या गेल्या. बिशप रिचर्ड पुअर यांनी खालच्या नदीकाठची कुरणे निवडली. बिशपने सोडलेला बाण जिथे पडला तिथे कथीड्रल बांधले, अशी दंतकथा आहे. पण ज्यांना वर पाणी मिळत नव्हते त्यांनी पाण्याकाठी यावे, याला बाणाची गरज नव्हती.

ओस पडलेल्या टेकडीचा पुढचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. ती जागीर थॉमस पिट याने विकत घेतली. हाच पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला आणि गोवळकोंडा भागातल्या खाणीतून निघालेला मोठा हिरा फ्रान्सच्या राजघराण्याला विकून गब्बर झाला. टेकडीवर माणसे राहत नव्हती, तरी तिथून ब्रिटिश संसदेवर दोन सभासद निवडून जात. थॉमसचा नातू, पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट, १७३५ मध्ये याच मतदारसंघातून संसदेत गेला. १८३२ च्या सुधारणा कायद्याने तो मतदारसंघ रद्द झाला.

नव्या कथीड्रलची पायाभरणी २८ एप्रिल १२२० रोजी झाली आणि १२५८ मध्ये राजा तिसरा हेन्री याच्या उपस्थितीत पवित्रीकरण. मुख्य वास्तू ३८ वर्षांत पुरी झाल्यामुळे तिच्यात जी एकसंधता आहे, ती इंग्लंडच्या इतर मध्ययुगीन कथीड्रलांत क्वचितच आढळते. ती बहुधा शतकानुशतके तुकड्या-तुकड्याने वाढलेली असतात. भिंतींचा फिकट चुनखडक पश्चिमेकडील चिल्मार्कच्या खाणींतला, तर आतले काळसर झिलईदार खांब डॉर्सेटमधल्या पर्बेक दगडाचे. दक्षिणेला मोकळ्या चौकाभोवती प्रशस्त ओवऱ्या असून त्यांना लागून अष्टकोनी सभागृह आहे. त्याच्या भिंतीवर बायबलच्या जुन्या करारातील कथांचा शिल्पपट्ट कोरलेला आहे, आणि येथेच १२१५ च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, प्रत ठेवलेली आहे. त्या वर्षीच्या ज्या चार प्रती आज शिल्लक आहेत, त्यांतली ही एक. या सनदेच्या प्रती वाटण्याच्या कामात असलेला एलायस ऑफ डेरहॅम पुढे कथीड्रलच्या बांधकामावर देखरेख करत होता. आतल्या घड्याळाला तबकडीच नाही. ते फक्त तासांचे टोल देण्यासाठी घडवलेले आहे. १३८६ च्या सुमाराचे मानले जाणारे हे यंत्र जगातल्या सर्वांत जुन्या चालू घड्याळांत गणले जाते.

या वास्तूचे खरे साहस मात्र तिच्या मनोऱ्यात आहे. मूळ आराखड्यात नसलेला १२३ मी. उंचीचा हा निमुळता दगडी मनोरा चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात चढवण्यात आला. १५६१ मध्ये लंडनच्या जुन्या सेंट पॉल कथीड्रलचा मनोरा वीज पडून जळाला, तेव्हापासून ब्रिटनमध्ये चर्चचा याहून उंच मनोरा नाही. त्याने खालच्या इमारतीवर सुमारे ६,५०० टनांचा भार टाकला, आणि पाया आहे जेमतेम १.२ मी. खोल! मनोऱ्याखालच्या मधल्या भागातले पर्बेकचे खांब या भाराने वाकले आहेत, ते साध्या डोळ्यांनी दिसते. आधारासाठी पुढे जादा कमानी घातल्या गेल्या. १६६८ मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी पाहणी केली तेव्हा मनोऱ्याचे टोक सुमारे पाऊण मीटर कललेले आढळले. तरीही तो उभा आहे, कारण पायाखाली ओल्या वाळूमिश्रित खडीचा घट्ट थर आहे आणि त्यातली पाण्याची पातळी फारशी हलत नाही. फरशीतले एक झाकण उघडून त्यात काठी बुडवायची आणि पातळी मोजायची, ही पद्धत आजही चालू आहे.

बिशपने कथीड्रलसोबत नगरही आखून वसवले. १२२७ च्या सनदेने बाजाराचा हक्क मिळाला. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांमधले घरांचे चौकोनी गट ‘चेकर’ म्हणून ओळखले जातात, आणि त्या रस्त्यांतून नदीचे पाणी पाटांनी खेळवलेले होते. मेंढपाळी मुलखाची लोकर व हे पाणी यांच्या जोरावर सॉल्झबरी मध्ययुगात कापडाची मोठी पेठ झाली. व्यापाऱ्यांचा पैसा कुठे गेला हे बाजाराजवळच्या सेंट थॉमस चर्चमध्ये दिसते: तेथे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले अंतिम न्यायाचे भव्य भित्तिचित्र आहे. त्याच शतकातली पोल्ट्री क्रॉस ही दगडी छत्री बाजाराच्या कोपऱ्यावर अजून उभी आहे.

पाटांचे पाणी पुढे सांडपाणी झाले. १८४९ मध्ये कॉलऱ्याची जीवघेणी साथ आली, डॉ. अँड्र्यू मिडल्टन यांनी उघड्या पाटांविरुद्ध नेटाने मोहीम चालवली आणि ते बुजवून भूमिगत गटारे घालण्यात आली. त्या खोदकामात चाव्या, चाकू, चमचे, यात्रेकरूंचे बिल्ले अशा शेकडो मध्ययुगीन वस्तू सापडल्या. शहराच्या संग्रहालयाची सुरुवात त्यांच्यापासूनच झाली. राजेरजवाड्यांच्या खजिन्यापेक्षा सामान्य माणसांच्या हातून हरवलेल्या या वस्तू मोलाच्या वाटतात.

नैऋत्येला हार्नहॅमची जलकुरणे आहेत. चुनखडी झऱ्यांचे पाणी हिवाळ्यातही सुमारे १० अंश सेल्सिअस राहते. सतराव्या शतकापासून हे पाणी चरांमधून कुरणांवर पातळ थराने फिरवले जाई. जमीन गारठत नसे आणि मेंढ्यांना लवकर गवत मिळे. दारे उघडून-मिटून पाणी फिरवणारे कामगार म्हणजे आपल्याकडचे पाटकरीच. याच कुरणांवरून चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी कथीड्रल पुन्हा पुन्हा रंगवले. येथले बिशप जॉन फिशर आणि त्यांचे त्याच नावाचे पुतणे हे त्यांचे स्नेही. १८३१ मधील मोठ्या चित्रात काळ्या ढगांपुढून इंद्रधनुष्य कमान टाकते आणि पुतण्याच्या घरावर उतरते. पत्नीच्या मृत्यूनंतर खचलेल्या चित्रकाराला या मित्राने दिलेला आधार त्या रंगांत उतरला आहे, असे मानले जाते.

कथीड्रलभोवतीचे सुमारे ८० एकरांचे आवार ‘क्लोज’ हे ब्रिटनमधले सर्वांत मोठे. त्याच्या तटात ओल्ड सेरमच्या पाडलेल्या कथीड्रलचे कोरीव दगड बसवलेले दिसतात, आणि वेशी अजूनही रात्री बंद होतात. परंपरा जपताना शहर साचलेले मात्र नाही. इंग्लंडच्या कथीड्रलांतले मुलींचे पहिले स्वतंत्र गायकवृंद १९९१ मध्ये येथेच सुरू झाले. शहराच्या मध्यभागी नव्या इमारतींची उंची साधारणतः १२.२ मी.च्या आत ठेवण्याचे धोरण आहे, त्यामुळे मनोरा आजही कुरणांवरून अडथळ्याविना दिसतो.