कानाच्या वाटेने फिट्सवर उपचार

कापसाची काडी कानात घातली की काहींना खोकल्याची उबळ येते. कानाच्या नळीपर्यंत व्हेगस नसेची (मेंदूतून निघून मानेतून छाती-पोटाकडे उतरणाऱ्या नसेची) एक बारीक फांदी पोचलेली असते, तिचा हा उपद्व्याप. हीच फांदी कानाच्या भोकाच्या वरच्या खळग्यातही पसरते. शस्त्रक्रियेविना फिट्स कमी करण्याच्या एका उपचाराची सगळी मदार त्या इवल्याशा जागेवर आहे.

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट्स येतच राहिल्या, तर तो अपस्मार (वारंवार फिट्स येण्याचा आजार) औषधांना दाद न देणारा समजतात. साधारण तिघांतल्या एका रुग्णाची गत अशी असते. छातीत यंत्र बसवून मानेतल्या व्हेगस नसेला विजेचे सौम्य झटके देण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. कानातले उपकरण चिरफाड न करता, त्वचेवरूनच सौम्य झटके देऊन, तीच नस गाठू पाहते.

कान शक्यतो डावाच निवडतात, कारण उजवी व्हेगस हृदयाची लय ठरवणाऱ्या भागाशी अधिक जोडलेली असते. खळग्यातला तेलकटपणा पुसायचा, दोन्ही इलेक्ट्रोड (वीज त्वचेत सोडणारी उपकरणाची टोके) त्वचेला नीट टेकवायचे आणि मुंग्या जाणवेपर्यंत प्रवाह वाढवायचा. दुखू लागण्याआधी थांबायचे. नेहमीची मात्रा अशी: सेकंदाला विजेचे २५ स्पंद, प्रत्येक २५० मायक्रोसेकंदांचा, ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, दिवसभरात मिळून ४ तास.

घोटाळा बहुधा जागेचा होतो. इलेक्ट्रोड पाळीवर सरकला तरी मुंग्या येतातच, पण पाळीची संवेदना मानेतून येणारी वेगळी नस वाहते. तेवढे तास वाया. इलेक्ट्रोड अर्धवट टेकला, तर सगळा प्रवाह थोड्याशा त्वचेतून जातो, चटका बसतो, लाली येते. मग रुग्ण आपणच प्रवाह किंवा तास कमी करतो.

पुरावा मात्र अजून कच्चा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६ रुग्णांवरच्या २० आठवड्यांच्या चाचणीत २५ स्पंदांच्या गटातल्या, उपचार पूर्ण केलेल्यांच्या फिट्स सरासरी ३४ टक्क्यांनी घटल्या. पण सेकंदाला १ स्पंद मिळालेल्या गटाशी तुलना करता फरक ठोस ठरला नाही. खोटा उपचार म्हणून योजलेला तो १ स्पंदही थोडे काम करत असेल का, ही शंका रास्त आहे.

औषधे चालूच ठेवायची. पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले यंत्र) असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायचे. फिट्सची वही उपचाराच्या दोन-तीन महिने आधीपासून भरलेली हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि या प्रयोगापायी मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठीची तपासणी लांबणीवर टाकू नये. ती याच्या बरोबरीने करता येते.